सिस्टीम घेत नाही

‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य मी पहिल्यांदा कोठे ऐकले ते आता आठवत नाही. ते ज्या दिवशी कानाला खुपले तो दिवस मात्र लख्ख आठवतो. कार्यालयाचे काम संगणकावर येऊन चार-पाच महिने झाले होते. कारभार सुरळीत चालला आहे असा माझा समज होता आणि तो समज पक्का करणारे अहवाल दर सोमवारी माझ्या टेबलावर येत होते. त्या दिवशी काही कामासाठी मी खाली उतरले आणि अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीच्या आतल्या बाजूला क्षणभर थांबले. खिडकीपलीकडे साठीच्या पुढची एक बाई उभी होती.

“मावशी, मिस्टरांचं नाव सांगा,” संगणकावर बसलेली मुलगी म्हणाली.

“लग्न नाही केलं मी.”

मुलीचे बोट कळफलकावर अधांतरी राहिले. तिने रकाना रिकामा ठेवून पुढे जाण्याचा प्रयत्न केला, पडद्यावर लाल अक्षरे उमटली. पुन्हा केला, पुन्हा उमटली. “मावशी, नाव टाकल्याशिवाय पुढं जात नाही. सिस्टीम घेत नाही.”

“मग आता करू का लग्न?” बाईंनी शांतपणे विचारले. मागच्या रांगेत हशा पिकला. मुलगी ओशाळली, तिने वळून पाहिले, मी उभी आहे हे लक्षात आल्यावर आणखीच गडबडली आणि मग तिने त्या रकान्यात एक टिंब दिले. फक्त एक टिंब. सिस्टीमने ते टिंब घेतले, पोच छापून बाहेर आली, बाई निघून गेल्या आणि रांग पुढे सरकली.

सरकारी मराठीला कर्त्याचे वावडे पहिल्यापासूनच आहे. ‘कळविण्यात येते की’, ‘निदर्शनास आले आहे’, ‘कार्यवाही प्रस्तावित आहे’ या वाक्यांत कोणी कळवले, कोणाच्या निदर्शनास आले आणि कार्यवाही कोण करणार आहे, याचा पत्ता लागत नाही. तरीही त्या कागदाच्या तळाशी एक सही असायची, सहीखाली पदनाम असायचे आणि अडलेला माणूस त्या सहीचा माग काढत कोणाच्या तरी दाराशी येऊन उभा राहू शकत असे. संगणक आल्यावर या वाक्यांना अखेर एक कर्ता मिळाला, पण तो असा की त्याचे दार कोणालाच सापडत नाही. सिस्टीम घेत नाही, सिस्टीम दाखवत नाही, सिस्टीमने नाकारले. ज्याचे काम अडले तो चिडतो, पण कोणावर चिडावे हे त्याला कळत नाही. आणि खिडकीत बसलेल्या मुलीलाही ते खरोखरच ठाऊक नसते.

डिजिटल परिवर्तनासाठी नेतृत्वाला कोणती कौशल्ये लागतात, या विषयावरची प्रशिक्षणे मी घेतली आहेत आणि पुढे काही दिलीही आहेत. दूरदृष्टी, बदलाचे व्यवस्थापन, विदेवर (डेटावर) आधारलेले निर्णय, नवोन्मेषाची संस्कृती असे शब्द त्या सादरीकरणांत असतात आणि ते खोटे नसतात. पण त्या दिवशी वर येऊन खुर्चीत बसल्यावर त्यातला एकही शब्द मला उपयोगी पडला नाही. मी आमच्या तांत्रिक सहायकाला बोलावले आणि त्या एका रकान्यातल्या सगळ्या नोंदी काढून मागितल्या. यादी आली तेव्हा मी बराच वेळ नुसती पाहत राहिले. टिंबे होती, आडव्या रेघा होत्या, शून्ये होती, काही ठिकाणी ‘कखग’ होते, आणि एका खिडकीवरून आलेल्या सगळ्या नोंदींत ‘लागू नाही’ असे नेटके लिहिलेले होते. सोमवारच्या अहवालात हाच रकाना शंभर टक्के पूर्ण दिसत होता. तो आकडा मी वरिष्ठांच्या बैठकीत अभिमानाने सांगितला होता.

मग हा रकाना अनिवार्य केला कोणी, याचा शोध मी सुरू केला. शोध म्हणजे जुन्या ईमेलींचा ढीग उपसणे. जुन्या छापील अर्जात ती ओळ ‘वडिलांचे/पतीचे नाव (लागू असेल ते)’ अशी होती. आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तयार करणाऱ्या कंपनीने आमच्याकडे दीडशेच्या आसपास ओळींचा एक तक्ता पाठवला होता आणि प्रत्येक रकान्यापुढे ‘अनिवार्य की ऐच्छिक’ असे विचारले होते. त्यांनी विचारले होते, हे महत्त्वाचे. त्या तक्त्यावर आमच्याकडून पहिल्या ओळीत ‘अनिवार्य’ लिहिले गेले होते आणि मग ते वरून खाली ओढून सगळ्या ओळींत भरले गेले होते, बहुधा एखाद्या संध्याकाळी, टपाल निघायच्या घाईत. ‘लागू असेल ते’ हे तीन शब्द त्या ओढाताणीत गळून पडले. तक्त्याच्या शेवटच्या पानावर मान्यतेची सही होती. सही माझी होती.

ती सही करताना मी तो तक्ता वाचला नव्हता. तांत्रिक बाब आहे, तज्ज्ञांनी पाहिली असेल, असे मी गृहीत धरले. कंपनीतल्या मुलांनीही तसेच गृहीत धरले असेल: ही प्रशासकीय बाब आहे, अधिकाऱ्यांनी पाहिली असेल. प्रशासनातल्या संगणकीकरणाचे पुष्कळसे अपघात या दोन गृहीतकांच्या मधल्या फटीत होतात असे माझे आता मत झाले आहे. नेतृत्वाने आज्ञावली लिहायला शिकावे असे मी म्हणणार नाही, कारण त्या हौसेपायी नको तेथे हात घालणारे वरिष्ठही मी पाहिले आहेत. पण ‘हे तांत्रिक आहे’ असे कोणी म्हटले की तेथेच थांबून, ‘यात निर्णय कोणता आहे तो मला साध्या भाषेत सांगा’ असे विचारण्याची सवय हवी. एखादा रकाना अनिवार्य ठेवणे हा निर्णय आहे. अर्ज मध्येच सोडला तर तो जपून ठेवायचा की पुसून टाकायचा, हा निर्णय आहे. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर काम अडवायचे की सूचना देऊन पुढे जाऊ द्यायचे, हा तर फार मोठा निर्णय आहे. एरवी असे निर्णय घेण्यासाठी नस्ती, म्हणजे फाइल, चार टेबलांवरून फिरते, तिच्यावर टिपण्या आणि शेरे चढतात, कधी विधी शाखेचे मत घेतले जाते. आज्ञावलीत तेच निर्णय एखाद्या नवख्या मुलाच्या हातून दुपारी होऊन जातात आणि त्याची नोंद कोठेही राहत नाही.

कागदावरचा नियम आणि आज्ञावलीतला नियम यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो मला उशिरा समजला. कागदी नियमात ‘सक्षम प्राधिकाऱ्यास योग्य वाटल्यास’, ‘पुरेशा कारणास्तव’, ‘शक्यतोवर’ असे शब्द असतात. बाहेरच्या माणसाला ते पळवाटांसारखे दिसतात आणि कधीकधी ते पळवाटांसारखे वापरलेही जातात, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. पण त्यांचे खरे काम वेगळे असते. नियम करणाऱ्याला जे आयुष्य दिसत नव्हते, त्या आयुष्यासाठी ठेवलेली ती जागा असते. संगणकाला ही जागा ठेवता येत नाही असे नाही. पण ठेवायची असेल तर ती कोणी तरी मागावी लागते, तिच्यासाठी वेगळा रकाना, वेगळा अधिकार आणि वेगळी नोंद आखावी लागते. मागितली नाही तर ‘शक्यतोवर’चे आपोआप ‘नेहमी’ होते.

हे सगळे केवळ एका टिंबापुरते असते तर हसून सोडून देता आले असते. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत हीच चूक देशाच्या आकाराएवढी मोठी झाली. सामाजिक भत्ते घेणाऱ्यांनी आपले उत्पन्न दर पंधरवड्याला कळवायचे, अशी तेथील पद्धत होती. कर खात्याकडे वर्षाचे एकूण उत्पन्न असे. वर्षाच्या उत्पन्नाला सव्वीस पंधरवड्यांनी भागून येणारी सरासरी हेच प्रत्येक पंधरवड्याचे उत्पन्न मानायचे आणि ते कळवलेल्या उत्पन्नाशी जुळले नाही की वसुलीची नोटीस काढायची, हे काम यंत्रावर सोपवले गेले. ज्याला वर्षातले चारच महिने काम मिळाले आणि उरलेले आठ महिने ज्याने नियमाप्रमाणे भत्ता घेतला, असा माणूस या भागाकारात कर्जबाजारी ठरतो, हे समजायला संगणकशास्त्र लागत नाही. पूर्वी अशा विसंगतीवर कर्मचारी मालकाकडून वेतनाचे तपशील मागवून खात्री करत. आता सिद्ध करण्याचे ओझे नागरिकावर टाकले गेले. ही पद्धत कायद्याला धरून नाही, असे मत संबंधित विभागाच्या विधी शाखेने २०१४ मध्येच दिले होते, तरी योजना पुढे गेली आणि २०१९ मध्ये प्रकरण न्यायालयात पोहोचेपर्यंत चालली. चौकशी आयोगाच्या आयुक्त कॅथरीन होम्स यांचा अहवाल जुलै २०२३ मध्ये आला, तो वाचताना सरासरीच्या गणितापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त बोचली. खिडकीवर आणि दूरध्वनीवर काम करणारे अनुभवी कर्मचारी हे चुकते आहे असे आतून सांगत होते. त्यांचे म्हणणे वर पोहोचले नाही असेही नाही. पोहोचले, पण वर त्यासाठी कान नव्हता.

कानाचा हा विषय मला स्वतःच्या अनुभवातून चांगला माहीत आहे, आणि त्यात माझी बाजू लंगडी आहे. आमच्या दुसऱ्या टप्प्याच्या आधीची आढावा बैठक होती. पडद्यावर नेहमीचा तक्ता होता, प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल चौकोन, आणि जवळजवळ सगळे चौकोन हिरवे. मागच्या रांगेत बसलेल्या एका डेटा ऑपरेटरने हात वर केला. तो कंत्राटी होता, वयाने लहान होता, आणि अशा बैठकीत त्याने बोलायचे नसते हे त्याला बहुधा कोणी सांगितले नव्हते. “मॅडम, जुन्या नोंदी आणताना जोडाक्षरं तुटताहेत,” तो म्हणाला. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, “ते तुम्ही कंपनीशी बोलून घ्या, येथे धोरणात्मक मुद्दे घेऊ.” सभागृहात कोणालाही यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. पुढे दाखले छापून येऊ लागले तेव्हा कृष्णाचे ‘कष्णा’ आणि ज्ञानेश्वराचे काहीच्या बाही झाले होते आणि लोक नावदुरुस्तीसाठी रांगा लावून उभे होते. त्या रांगेसाठीही आम्ही एक नवा अर्ज तयार केला होता आणि त्या अर्जातही पतीच्या नावाचा रकाना अनिवार्य होता.

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याच्या नोंदणीचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त ६ जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली, हे नंतर संसदीय समितीसमोर आलेल्या कागदपत्रांतून उघड झाले. धोक्याच्या सूचना त्याच वर्षी काही महिने आधी सल्लागारांनी देऊन ठेवल्या होत्या. अनेक कंत्राटदार आणि अनेक कार्यालये असूनही संपूर्ण कामाची जबाबदारी एका माणसाची नव्हती. दुरुस्तीसाठी बाहेरून जी मंडळी आली त्यांत मायकी डिकरसन हे अभियंते होते. त्यांनी रोजच्या बैठकीसाठी घालून दिलेल्या नियमांपैकी एक असा होता की एखाद्या विषयावर ज्याला सर्वांत जास्त माहिती आहे त्याने बोलायचे, ज्याचा हुद्दा सर्वांत मोठा आहे त्याने नव्हे. वाचायला हे फार सोपे वाटते. कोणत्याही सरकारी बैठकीत हा नियम एकदा लावून पाहावा. आमच्याकडे बोलण्याचा क्रम हुद्द्यावरून ठरतो, बसण्याची जागाही हुद्द्यावरून ठरते, आणि खालच्या माणसाने वरच्याच्या देखत ‘हे चालत नाही’ म्हणणे याला अडचण सांगणे न म्हणता उद्धटपणा म्हटले जाते. तो एक नियम पाळायचा तर संगणकाच्या आधी खुर्च्यांची मांडणी बदलावी लागते.

जोडाक्षरांचा गोंधळ निस्तरल्यावर मी त्या मुलाला बोलावून घेतले आणि त्या दिवशी मी त्याला बोलू द्यायला हवे होते, असे सांगितले. तो संकोचून म्हणाला, “असू द्या मॅडम, मी लिहून पण दिलं होतं.” ते पत्र आवक नोंदवहीत रीतसर क्रमांकासह सापडले. त्यावर ‘नस्तीबद्ध करावे’ असा शेरा होता.

त्यानंतर मी आढावा बैठकीची पद्धत थोडी बदलली. पहिली दहा मिनिटे खिडकीवरच्या कोणा एकाने या आठवड्यात काय अडले तेवढेच सांगायचे आणि त्या वेळात वरिष्ठांनी उत्तर द्यायचे नाही, फक्त ऐकायचे. पहिल्या तीन बैठकींत कोणी काही बोललेच नाही. “सगळं व्यवस्थित आहे मॅडम.” चौथ्या बैठकीत एकीने दबकत सांगितले की दुपारी दोन ते तीन सर्व्हर इतका मंदावतो की त्या तासात सगळे जण अर्ज कागदावर घेऊन ठेवतात आणि संध्याकाळी भरतात. म्हणजे पोचेवर छापलेली वेळ खोटी होती. हे सहा महिने चालले होते आणि वरच्या मजल्यावर कोणाला याचा गंधही नव्हता. वाईट बातमी वर येण्यासाठी ती सांगणाऱ्याला काही होत नाही, हे लोकांना आधी काही वेळा पाहू द्यावे लागते. भाषणाने ते होत नाही. माझ्या बाबतीत तर तीन आठवड्यांच्या अवघडलेल्या शांततेनंतर ते झाले.

आमच्याकडे एक ज्येष्ठ लिपिक होते, त्यांना सगळे काका म्हणत. संगणक आल्यानंतरही त्यांच्या खणात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही असे आणि तिच्यात ते काही ना काही टिपत असत. समांतर नोंदी ठेवायच्या नाहीत असे मी लेखी परिपत्रक काढले होते, त्यामुळे ती वही पाहिल्यावर मी त्यांना सर्वांसमोर बोलले. त्यांनी वाद घातला नाही. वही बंद केली आणि खणात ठेवली. काही महिन्यांनी एका किचकट प्रकरणात आम्ही अडकलो तेव्हा मीच ती वही मागितली. तिच्यात नक्कल केलेली एकही नोंद नव्हती. जी प्रकरणे सिस्टीमच्या चौकटीत बसत नव्हती तेवढ्यांचीच ती वही होती: दत्तक गेलेल्या मुलाचे बदललेले आडनाव, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, पुराच्या वर्षी भिजलेल्या दप्तरातले अर्धवट वाचता येणारे क्रमांक. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात, ते प्रकरण कसे सोडवले आणि कोणाच्या तोंडी सूचनेने सोडवले, हे लिहिलेले होते. आम्ही कंपनीला जी गरजपत्रिका दिली होती तिच्यात नसलेली कार्यालयाची सगळी अक्कल त्या वहीत होती. गरजपत्रिका तयार करताना काकांना कोणीच विचारले नव्हते. ते दीड वर्षात निवृत्त होणार होते आणि संगणकाच्या बाबतीत त्यांचा उपयोग नाही, असे आम्ही ठरवून टाकले होते.

कॅनडाच्या केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी ‘फिनिक्स’ नावाची प्रणाली सुरू केली तेव्हा याच प्रकारचा हिशेब फार मोठ्या प्रमाणावर केला गेला होता. विभागाविभागांत बसलेले, नियमांतल्या खाचाखोचा तोंडपाठ असलेले वेतन सल्लागार आधीच कमी करण्यात आले आणि काम एका ठिकाणी, कमी आणि बहुतांशी नव्या माणसांकडे गेले. खर्च आणि मुदत पाळण्यासाठी प्रणालीतली काही कामे वगळली गेली आणि प्रायोगिक चाचणी रद्द केली गेली. परिणामी लक्षावधी कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना कमी वेतन मिळाले, काहींना जास्त मिळाले, काहींना मिळालेच नाही. तेथील महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी २०१८ च्या अहवालात या प्रकाराला अनाकलनीय अपयश म्हटले आणि त्याचे मूळ शोधताना संगणकापाशी न थांबता ते प्रशासनातल्या आज्ञाधारकतेच्या संस्कृतीपर्यंत गेले. वरच्यांनी सुरू करायचे ठरवले होते, म्हणून खालच्यांनी तयार आहे असे सांगितले. मला वाटते, कोणत्याही प्रकल्पप्रमुखाला सर्वांत कठीण जाणारे वाक्य ‘आपण अजून तयार नाही’ हेच असते, विशेषतः उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले आणि कोनशिला छापून आलेली असताना. (कोनशिला दगडाची असते, ती छापत नाहीत, हे मला ठाऊक आहे; आमची फ्लेक्सवर छापली होती.)

प्रणाली सुरू झाल्यावर, ती चुकू शकते हे लक्षात ठेवणे आणखी कठीण असते. ब्रिटनच्या टपाल खात्याच्या शाखांत १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसवली गेली. तिच्यातल्या दोषांमुळे शाखाचालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. खात्याने प्रणालीवर विश्वास ठेवला, माणसांवर ठेवला नाही, आणि २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना अफरातफरीसारख्या गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, अनेकांनी पदरचे पैसे भरून न झालेली तूट भरून काढली. त्याच सुमारास इंग्लंडच्या कायद्यात संगणकीय पुराव्याबद्दलची जुनी अट रद्द झाली होती आणि यंत्र बरोबर चालते हेच गृहीत धरले जाऊ लागले होते. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये त्या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. या प्रकरणाबद्दल विचार करताना मला नेहमी एका बारीकशा गोष्टीचे भय वाटते. तक्रार करणाऱ्या अनेकांना ‘अशी अडचण फक्त तुम्हालाच येते’ असे सांगितले जात असे. हे वाक्य मी आमच्या खिडकीवरही ऐकले आहे. कदाचित उच्चारलेही असेल.

याच्या उलट उदाहरण एस्टोनियाचे आहे. त्या देशाची लोकसंख्या सुमारे तेरा लाख, आणि सरकारी कार्यालयांच्या माहितीसाठ्यांना एकमेकांशी जोडणारी ‘एक्स-रोड’ ही व्यवस्था तेथे २००१ पासून चालू आहे. त्यांच्या प्रगतीचे गोडवे इतक्या सादरीकरणांत ऐकले आहेत की आता त्यांचा कंटाळा येतो. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो मात्र २०१७ च्या घटनेमुळे. ३० ऑगस्टला संशोधकांनी कळवले की तेथील ओळखपत्रांतल्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष आहे. सुमारे साडेसात लाख पत्रांचा प्रश्न होता आणि ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन मतदान असलेल्या स्थानिक निवडणुका होत्या. ५ सप्टेंबरला सरकारने हे स्वतःहून जाहीर केले. पंतप्रधान युरी रातास पत्रकारांसमोर बसले. दोष आहे, गैरवापर झाल्याचे आढळलेले नाही, दुरुस्ती चालू आहे, अशा साध्या वाक्यांत त्यांनी बाजू मांडली, आणि त्या वाक्यांना कर्ता होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, अद्ययावत न केलेल्या पत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करण्यात आली. व्यवस्था मोडली नाही. आपल्या ओळखीच्या किती कार्यालयांत असा दोष पाच-सहा दिवसांत जाहीर झाला असता, याचा विचार मी स्वतःच्या कार्यालयापासून सुरू केला आणि लगेच थांबवला.

करारांविषयी, प्रशिक्षणांविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण त्यात माझ्याजवळ नवे काही नाही. करारात माहितीचा मालक कोण, आणि किरकोळ बदलाला वेगळे पैसे पडतात की नाही, हे सही करण्यापूर्वी वाचावे. आम्ही नंतर वाचले. प्रशिक्षण सभागृहात देऊ नये, टेबलावर द्यावे. एवढे पुरे.

पतीच्या नावाचा तो रकाना दुरुस्त व्हायला पाच महिने लागले. काम कंपनीच्या दृष्टीने अर्ध्या तासाचे होते, पण कराराच्या दृष्टीने तो ‘बदल’ होता आणि बदलासाठी प्रस्ताव, मान्यता आणि तरतूद लागत होती. त्या पाच महिन्यांसाठी मी एक लेखी आदेश काढला. सिस्टीम अर्ज घेत नसेल तर तो कागदावर घ्यावा, न घेण्याचे कारण अर्जदाराला लिहून द्यावे आणि त्याखाली लिहून देणाऱ्याने स्वतःचे नाव व पदनाम लिहून सही करावी. या आदेशाचे स्वागत झाले असे म्हणता येणार नाही. खिडकीवरच्या मुलींना वाटले की दोष त्यांच्या माथी मारण्याचा हा डाव आहे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. म्हणून आदेशात दुसऱ्या दिवशी एक ओळ वाढवली: अशा प्रत्येक कागदाची प्रत त्याच दिवशी माझ्याकडे यावी आणि तिच्यावर कोणता निर्णय घेतला ते माझ्या सहीने खिडकीवर परत जावे. पहिल्या आठवड्यात एवढे कागद आले की माझी दुपार त्यांतच जाई. त्यांतले निम्म्याहून अधिक प्रश्न मीच कधी तरी सही केलेल्या कोणत्या ना कोणत्या तक्त्यातून निघालेले होते.

मग बदली झाली. कार्यभार हस्तांतरणाच्या छापील यादीत कपाटे, खुर्च्या, किल्ल्या, प्रलंबित नस्त्या आणि रोकड नोंदवही यांसाठी ओळी होत्या. सिस्टीमसाठी ओळ नव्हती. मी शेवटी एक कोरा कागद जोडला आणि त्यावर सुचेल तसे लिहिले: दुपारी दोननंतरचा सर्व्हर, काकांच्या वहीची झेरॉक्स कोठे ठेवली आहे, कोणत्या रकान्याची टक्केवारी खरी मानू नये. शेवटची ओळ होती, ‘टिंबांचे बघावे’. नव्या अधिकाऱ्यांनी त्या कागदावर इतर कागदांप्रमाणेच, न वाचता, सही केली. त्यांच्या जागी असते तर मीही केली असती.

सव्वा महिन्याने त्यांचा दूरध्वनी आला. “मॅडम, एक विचारायचं होतं. त्या यादीत शेवटी ‘टिंबांचे बघावे’ असं काहीतरी आहे. टंकलेखनाची चूक आहे का?”

“तुम्ही आता कोठे आहात?” मी विचारले.

“केबिनमध्ये.”

“मोबाइल घेऊन खाली खिडकीपाशी जाल का?”

त्यांनी जरा आढेवेढे घेतले. बैठक होती, अहवाल पाठवायचा होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ जिना, आणि मग ओळखीची गजबज. पलीकडे कोणी तरी कोणाला तरी आडनाव पुन्हा सांगत होते. साहेब काही वेळ बोललेच नाहीत. मला वाटले फोन तुटला.

“थांबा,” ते म्हणाले, “पेन घेतो कोणाचं तरी.”